बॉनेटवरची कोरी जागा

गाडीच्या नाकावर वाळून बसलेले किडे घासायचे नसतात, भिजवायचे असतात, हे त्या वस्तीतल्या सगळ्या ड्रायव्हरांना एकाच बाईने शिकवलं होतं. शिकवलं कसलं, खडसावून सांगितलं होतं. घराला लागून पत्र्याची शेड, शेडमध्ये एक नळ, बादल्या, दोरीवर वाळत घातलेली फडकी, आणि कुणी गाडी आणून उभी केली की कमरेवर हात ठेवून समोरून तिच्याकडे बघत राहणारी ही बाई. "काय होतंय हिला?" असं ती विचारायची, गाडी आजारी असल्यासारखं. म्हणून सगळे तिला डॉक्टरीणबाई म्हणायचे. तिची शाळा कुठपर्यंत झाली हे विचारायची मात्र कुणाची छाती नव्हती.

"नखाने खरवडलंत तर रंग गेलाच म्हणून समजा," ती म्हणायची. "आणि नुसता राहू दिलात तरी गेलाच. किडा मेला तरी त्याच्या पोटातलं विष जिवंत असतं. ऊन लागलं की ते रंगाला खातं." तिची पद्धत साधी होती. गाडी सावलीत लावायची, कोमट पाण्यात थोडा शाम्पू टाकायचा, जुना मऊ टॉवेल त्यात बुडवून अर्धवट पिळायचा आणि बंपरवर, बॉनेटवर पसरून ठेवायचा. तापलेल्या पोराच्या कपाळावर घडी ठेवतात तसा. मग गप्प बसायचं. ड्रायव्हर लोकांना नेमकं हे गप्प बसणंच जमायचं नाही. कुणीतरी टॉवेलचा कोपरा उचलून बघायचाच आणि तिच्या शिव्या खायचा.

तिचा नवरा भाड्याची गाडी चालवायचा. लांबचं भाडं असलं की रात्र रस्त्यात जायची. दोघांमध्ये एक ठरलेलं होतं : तो गाडी चालवत असताना तिने फोन करायचा नाही आणि त्यानेही उचलायचा नाही. त्यामुळे रात्र कशी गेली हे तिला सकाळी गाडीच्या नाकावरूनच कळायचं. राखाडी भुरकट डाग म्हणजे पतंग, म्हणजे दिव्यांचा हमरस्ता. पिवळे चिकट थेंब म्हणजे फुलोऱ्यावरच्या माश्या, म्हणजे दिवस मावळायच्या आत बागांमधून गेला. आणि काळी बारीक चिलटं, मोहरी उधळल्यासारखी, म्हणजे स्वारी कालव्याकाठच्या आडवाटेने आली.

"कालव्यावरून आलात ना? हमरस्त्याने या म्हणून किती वेळा सांगायचं?"

"बायको केलीय की पोलीस चौकी बसवलीय घरात?" तो चहाच्या कपातून म्हणायचा. तीही हसायची. पण सकाळी कोपऱ्यावर त्याच्या गाडीचा आवाज वळला की तिच्या छातीत रात्रभर पिळून ठेवलेलं काहीतरी सैल व्हायचं, हे तिने त्याला कधी सांगितलं नव्हतं. आला बाबा, असं ती मनात म्हणायची. कुणाला उद्देशून म्हणायची कोण जाणे, पण मनापासून म्हणायची.

त्या दिवशी गाडीचा आवाज वळला, दारात आला आणि थांबलाच नाही. इंजिन बराच वेळ नुसतंच चालू राहिलं. ती पदर खोचत बाहेर गेली तर तो स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसला होता. तिला बघून त्याने चावी फिरवली. चहा नको म्हणाला. आतल्या खोलीत गेला, वडिलांच्या पलंगापाशी थोडा वेळ उभा राहिला, मग बाहेर येऊन सतरंजीवर आडवा झाला.

"दुपारी परत भाडं आहे," तो डोळे मिटून म्हणाला. "जेवायच्या आधी उठव."

"आजच? रात्रभर जागून?"

"रोजचं गिऱ्हाईक आहे गं. नाही म्हणता येत नाही." आणि तिने पुढचं वाक्य मनात जुळवण्याआधीच तो घोरायला लागला.

तिने गाडी ढकलत शेडच्या सावलीत घेतली. आधी काच पाहिली आणि कपाळावर हात मारला. काचेवर वायपरचे दोन पंखे उमटले होते, दुधाळ, चिकट. किडे बसलेल्या काचेवर वायपर मारणं म्हणजे भाकरीवर तूप फासणं, हे तिच्याकडून शंभरदा ऐकलेला माणूस, आणि त्यानेच हा उद्योग करून ठेवला होता. "घरचीच गाडी अशी, मग बाकीच्यांनी काय करावं?" ती काचेलाच म्हणाली. खालची बाजू काळ्या चिलटांनी नुसती भरली होती. म्हणजे कालवाच. उठल्यावर बघून घेते, असं ठरवून तिने मोठा टॉवेल भिजवला आणि बंपर आणि जाळी झाकून टाकली.

मग ती गप्प बसली. नळ टपटपत होता. भिजलेल्या किड्यांचा वास सुटायला लागला, कुजक्या गवतासारखा, जरा आंबूस. तिला तो वास आवडायचा नाही, पण त्याची सवय झाली होती.

वेळ झाला तशी तिने टॉवेलची दोन्ही टोकं धरली आणि सरळ वर उचलला. चांगला भिजला असला की सगळा मळ टॉवेलवर येतो. तसा आलाही होता. डाव्या कडेला काळं, पिवळं, पंखांचे तुकडे. उजव्या कडेलाही तेच. मधोमध मात्र टॉवेल पांढरा होता.

नुसता पुसट नाही, पांढरा स्वच्छ. वर रुंद, खाली जरा निमुळता. त्या जागी टॉवेलला काही लागलंच नव्हतं, कारण त्या जागी बंपरवर काही नव्हतंच.

तिने टॉवेल दोरीवर टाकला आणि नेहमीसारखी कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिली. सकाळपासून तिने हे केलंच नव्हतं. वायपरच्या रागात ती आज न तपासताच कामाला लागली होती.

बॉनेट अजून कोरडं होतं. चिलटं त्याच्यावर दाट बसली होती, आणि त्या दाटीत दोन स्वच्छ पट्टे होते. जाळीपाशी सुरू होऊन दोन्हीकडे जरा फाकत वर गेलेले, मनगटाएवढे रुंद. डाव्या हाताला, म्हणजे गाडीकडे तोंड करून उभं राहिल्यावर डाव्या, तो पट्टा एका पंजाशी संपत होता. पाच बोटं, पसरलेली, घट्ट टेकलेली. उजवीकडे बोटं नव्हती. तिथे एक आखूड गोलसर जागा होती, मोसंबीएवढी, तीन-चार खाचांची. मिटलेली मूठ टेकवल्यासारखी.

ती समंजस बाई होती. तिने आधी समंजस गोष्टी तपासल्या. कुणीतरी नंतर टेकलं असेल, तर किडे चिरडले असते, पुसटले असते. इथे कडा साफ होत्या. कुणी ओल्या फडक्याने पुसलं असेल, तर ओघळ दिसले असते. एकही ओघळ नव्हता. पट्ट्यांमध्ये रस्त्याची धूळसुद्धा नव्हती. बॉनेटवर काही बांधलं होतं म्हणावं, तर दोरीची खूण हवी. तिने वाकून आपला डावा पंजा त्या पंजावर धरला. तो पंजा तिच्यापेक्षा मोठा होता.

मग तिला दुसरी गोष्ट सुचली आणि ती तशीच वाकलेली राहिली. एवढी चिलटं काही एका जागी बसत नाहीत. कालवा सुरू होतो तिथून संपतो तिथपर्यंत ती बसत राहतात. म्हणजे हा जो कोणी होता तो मध्येच कुठून आलेला नव्हता. तो सुरुवातीपासून तिथे होता. गाडीच्या पुढे, रस्त्याकडे पाठ करून, आत बघत.

तिने नवऱ्याला हलवून उठवलं.

तो डोळे चोळत शेडमध्ये आला, बॉनेटकडे पाहिलं आणि उलट्या बादलीवर बसला. तिने पाणी दिलं. ते त्याने हातातच धरून ठेवलं.

"काय झालं काल?"

"कालव्याला लागलो आणि हा सगळा थवा आला. काच भरली. मी वायपर मारले."

"मारलेच!" तिच्या तोंडून गेलंच.

"मारले. काच दुधासारखी झाली. समोरून दिवा आला की नुसता पांढरा पडदा. थांबायला हवं होतं, कळत होतं. म्हटलं, आता घर जवळ आलं. आणि मग..." त्याने पाण्याकडे पाहिलं. "मग माझा डोळा लागला."

ती त्याच्यासमोर उकिडवी बसली.

"जाग आली तेव्हा उजाडत होतं. इंजिन चालू. गाडी गिअरमध्ये. पाय माझा अॅक्सिलरेटरवर, पार दाबलेला. चाकं फिरत होती, रबराचा वास येत होता, आणि गाडी जागची हलत नव्हती."

"रुतली असेल."

"कोरडा रस्ता होता."

तिने चाकांकडे पाहिलं. चिखलाचा ठिपका नव्हता.

"पुढे काय होतं मग? दगड? ओंडका?"

"पुढे काहीच नव्हतं," तो म्हणाला. "कठडा तुटलाय ना वळणावर, ती जागा. खाली कालवा."

नळ टपटपत राहिला. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"कुणी दिसलं तुम्हाला?"

"काच पांढरी झालेली. वाटलं, कुणीतरी वाकून आत बघतंय. माझ्याकडे. झोपेत माणसाला काय वाटेल ते वाटतं."

तिने बॉनेटवरच्या त्या पंजाकडे पाहिलं. भीती वाटायला हवी होती, थोडी वाटतही होती, पण त्याहून मोठी गोष्ट तिच्या समोर होती. हा माणूस इथे बादलीवर बसला आहे. पाणी हातात धरून, विस्कटलेल्या केसांनी, जिवंत. "कोण होतास ते होतास," ती मोठ्याने म्हणाली, "पण तुझे उपकार मी जन्मभर विसरणार नाही." नवऱ्याने चमकून वर पाहिलं. ती त्याच्याशी बोलत नव्हती.

"दुपारी जायचं नाही," मग ती त्याच्याशी बोलली.

"असं कसं? शब्द दिलाय."

"डोळे बघा तुमचे. लाल भडक झालेत."

"झोपलो की आता."

"याला झोप म्हणतात? एकदा वाचलात म्हणून रोज वाचाल का?"

"गिऱ्हाईक तुटलं तर परत जोडता येत नाही," तो हट्टाने म्हणाला. घाबरलेला पुरुष असाच हट्ट करतो, हे तिला इतक्या वर्षांत माहीत झालं होतं. तो उठला, तोंडावर पाणी मारलं. "चल, आधी बाबांचं उरकून घेऊ. मग निघतो."

बाबा म्हणजे तिचे सासरे. आयुष्यभर ट्रक चालवला, पोराला गाडी त्यांनीच शिकवली. झटका आल्यापासून पलंगावर होते. बोलणं गेलं होतं, उजवी बाजू गेली होती. नुसते डोळे तेवढे चालायचे, ते दिवसभर दाराकडे. एकटीने त्यांना कुशीवर वळवणं जड जायचं, म्हणून मुलगा घरी असला की दोघं मिळून अंग पुसायची. तिला या म्हाताऱ्याची माया होती. लग्न होऊन आली तेव्हा घरात तिच्या बाजूने बोलणारा हा एकच माणूस होता.

खोलीत ऊन आलं होतं. खिडकीला जाळी होती, एक डाससुद्धा आत यायची सोय नव्हती. काल संध्याकाळीच तिने कशीबशी त्यांची पाठ पुसून पावडर लावली होती, चादर बदलली होती. रात्री पांघरूण सारखं करायला उठली तेव्हा ते होते तिथेच होते. डोळे उघडे, छताकडे लागलेले. झोपा आता बाबा, असं ती म्हणालीही होती.

"काय बाबा, बरी झोप लागली का?" तिने नेहमीसारखं विचारलं आणि कोमट पाण्यात फडकं बुडवलं. आधी चेहरा. मग गळा. मग डावा हात, मोठा, रुंद पंजाचा. तो आज गरम लागला. मग ती पलंगाला वळसा घालून उजवीकडे गेली. झटक्यानंतर ती मूठ मिटली होती ती मिटलीच. रोज ती एकेक बोट हळूच उघडून आत पुसायची.

मूठ तिच्या ओंजळीत होती. मोसंबीएवढी. तीन-चार खाचा.

तिने ती पुसली आणि खाली ठेवली. असलं काही मनात आणणं हा वेडेपणा होता, आणि ती वेडी नव्हती.

"वळवू या," ती म्हणाली.

दोघांनी मिळून त्यांना कुशीवर केलं. सदरा काढायला नवऱ्याने हात घातला आणि थांबला.

"चिकटलाय."

सदरा बाहेरून स्वच्छ होता. तिने घातला तसाच, घडीच्या खुणांसकट. तिने फडकं पिळून पाणी सोडलं, कापड ओलं केलं, थोडी वाट पाहिली, मग मानेपासून हळूहळू सोडवत खाली आणला.

कुजक्या गवताचा वास आला.

मानेपासून कमरेपर्यंत पाठ काळी झाली होती. मोहरी उधळल्यासारखी. मध्ये पिवळे वाळलेले ओघळ, पंखांचे तुकडे, तुटलेले पाय. सगळे एकाच दिशेने फासलेले, वेगाने येऊन आदळल्यासारखे.

नवऱ्याच्या घशातून एक आवाज निघाला. त्याचा हात पुढे गेला, बोटं वाकली, नखं टेकली.

तिने त्याचं मनगट पकडलं.

"घासायचं नाही," ती म्हणाली. "भिजू द्या."

तिने मोठा मऊ टॉवेल आणला, कोमट पाण्यात बुडवला, अर्धवट पिळला आणि सासऱ्यांच्या पाठीवर पसरला. मग दोघं पलंगाच्या कडेला गप्प बसली. तो पहिल्यांदाच गप्प बसला. कोपरा उचलून पाहिला नाही.

त्याचा फोन वाजला. वाजत राहिला. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही.

"हां," तो फोनवर म्हणाला. "नाही. आज गाडी निघणार नाही... नाही, गाडीला काही झालेलं नाही... बघा दुसरा कुणी, मी समजू शकतो. आणि यापुढे रात्रीचं धरू नका माझं." फोन बंद करून त्याने वडिलांच्या खांद्यावर कपाळ टेकलं. "बाबा," तो म्हणाला. त्याचे खांदे हलत राहिले. ते ओझं त्याचं त्यालाच उतरवू द्यावं म्हणून ती पाणी बदलायला उठली.

परत आली तेव्हा तो पलंगालगत जमिनीवर तसाच झोपून गेला होता, एक हात वर, बापाच्या हातात. तिने टॉवेल उचलला. सगळं टॉवेलवर आलं होतं. खाली पाठ होती, म्हाताऱ्या माणसाची साधी पाठ, बारीक बारीक लाल ठिपक्यांनी भरलेली. तिने ती टिपून घेतली, सासऱ्यांना परत उताणं केलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर वाकली. ते तिच्याकडेच बघत होते.

"पोहोचला हो तो," ती म्हणाली. तिला रडू आवरेना आणि तिने ते आवरलंही नाही. "घरी आहे. आता नाही जायचा तसा. मी जाऊ देणार नाही. तुम्ही मला माझा माणूस परत आणून दिलात बाबा, हे मी कुठे फेडू?"

सासऱ्यांनी डोळे मिटले. झटका आल्यापासून दिवसाउजेडी ते कधी झोपले नव्हते. आता श्वास संथ झाला, ओठ जरा उघडे पडले. ती थोडा वेळ बघत राहिली. घरात दोन माणसं झोपली होती आणि दोघांचा श्वास ऐकू येत होता. आणखी काय हवं माणसाला, असं तिला वाटलं.

चादर ओली झाली होती. ती बदलावी म्हणून तिने पायथ्याकडून पांघरूण वर घेतलं.

झटक्यापासून ती पावलं जमिनीला लागली नव्हती. इतके महिने पलंगावर राहून तळवे लहान मुलासारखे मऊ झाले होते.

टाचा झिजल्या होत्या. मागच्या बाजूने, सपाट, कातडी निघेपर्यंत. भेगांमध्ये बारीक खडी रुतली होती, आणि तिच्याभोवती काळं, चकचकीत, अजून ओलसर डांबर.

तिने नवऱ्याला उठवलं नाही. दार लोटून घेतलं. कोमट पाण्याने डांबर निघत नाही, हे तिला माहीत होतं. तिने फळीवरची तेलाची बाटली काढली, पायथ्याशी बसली, आणि दोन्ही पावलं मांडीवर घेतली.